प्राचार्य महोदय, प्रवेशाच्या यादीतली लॅपटॉपची ओळ बदला

प्रति,
मा. प्राचार्य, विभागप्रमुख आणि प्रवेश समितीचे सदस्य,
मराठवाड्यातील अभियांत्रिकी, बीसीए व संगणकशास्त्राची महाविद्यालये

विषय : प्रथम वर्षाच्या साहित्याच्या यादीत दुरुस्ती करणेबाबत

स.न.वि.वि.

कॅप राउंडमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेरीत जागा मिळाली, फी भरली, की आपल्या ऑफिसच्या खिडकीतून एक झेरॉक्स हातात पडते. 'सोबत आणावयाचे साहित्य'. ड्राफ्टर, ॲप्रन, कॅल्क्युलेटर, वर्कशॉपचे बूट आणि त्यांच्याच रांगेत एक ओळ : 'लॅपटॉप – आय ७, १६ जीबी, १ टीबी, ग्राफिक्स कार्डसह (अनिवार्य)'. कुठं आय ५ असतं, कुठं ८ जीबी, पण कंसातला शब्द तोच. टाइप करणाऱ्याचं अर्धं मिनिट गेलं असेल. वाचणाऱ्याला ती ओळ सत्तर-ऐंशी हजारांना पडते. आणि गावाकडून आलेले आईवडील त्या कागदाशी वाद घालत नाहीत. कॉलेजनं लिहिलंय म्हणजे लागत असणार, एवढं धरून ते थेट दुकानात जातात.

आम्ही या भागात लॅपटॉप दुरुस्त करणारे आणि कॉलेजांच्या लॅब सांभाळणारे काहीजण. त्या ओळीचं पुढं जे होतं, ते आमच्या टेबलावर येतं : तुटलेली बिजागरी, फुगलेली बॅटरी, भलत्याच्याच ईमेलवर अडकलेली डिस्कच्या कुलपाची चावी. यादी अशीच राहिली तर आमचा धंदा जोरात चालेल, हे आम्हाला कळतं. तरी लिहितोय.

पहिली हरकत वेळेची. प्रवेश होतात जुलै-ऑगस्टात. तेव्हा शेतकऱ्याच्या घरातला पैसा बियाणं, खत आणि फवारणीत जाऊन बसलेला असतो. सोयाबीनची रास होते दसरा-दिवाळीच्या सुमारास, कापसाची वेचणी तिथूनच सुरू होते, तूर तर त्याच्याही पुढं. मग ऑगस्टात लॅपटॉप येतो कशातून? मोंढ्यातल्या आडतीवरून उचल घेऊन, नाहीतर 'झिरो कॉस्ट' हप्त्यावर. उचल घेतली की माल त्याच आडतीवर घालावा लागतो, भावाची घासाघीस मग कोण करतं! आणि झिरो कॉस्टमध्ये प्रोसेसिंग फी असते, रोखीवर मिळणारी सूट जाते. म्हणजे शून्य नावापुरतं.

एवढं करून पहिल्या सत्रात त्या यंत्राला काम काय? गणित, भौतिक किंवा रसायन, बेसिक इलेक्ट्रिकल, वर्कशॉप. इंजिनिअरिंग ग्राफिक्स बहुतेक ठिकाणी अजून शीटवर, ड्राफ्टरनंच होतं. उरलं सी प्रोग्रॅमिंग, त्याचं प्रॅक्टिकल आपल्याच लॅबमध्ये होतं, आणि बऱ्याच लॅबमध्ये ते टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर होतं. हे डॉसच्या जमान्यातलं सॉफ्टवेअर, आजच्या विंडोजवर ते थेट चालतसुद्धा नाही, डॉसबॉक्समध्ये घालून चालवावं लागतं. टर्बो सीसाठी ग्राफिक्स कार्ड अनिवार्य करणारं कॉलेज जगात दुसरीकडे कुठं असेल असं वाटत नाही.

यात न दिसणारा तोटा वॉरंटीचा. साध्या लॅपटॉपला सहसा एक वर्षाची वॉरंटी असते आणि ती बिलाच्या तारखेपासून मोजतात. ऑगस्टात घेतलेलं मशीन वर्षभर होस्टेलच्या पेटीत पडून राहतं, सिनेमे दाखवतं. दुसऱ्या वर्षी खरं काम सुरू होतं, तेव्हा वॉरंटी संपलेली असते.

दुसरी हरकत त्या ओळीतल्या शब्दांवर आहे, आणि इथं थोडं खोलात जावं लागेल.

'आय ७' हा काही दर्जा नव्हे. २०१६ सालच्या आय ७-७५००यू या इंटेलच्या प्रोसेसरला दोन कोअर, म्हणजे काम करणारे दोन गाभे आहेत. १२व्या पिढीच्या आय ३-१२१५यूला सहा. आपली ओळ शब्दशः वाचली तर पहिला पास होतो, दुसरा नापास. शिवाय इंटेलच्या ८व्या पिढीआधीचे जवळपास सगळे प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत, आणि विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. जुना, पॉलिश मारलेला 'आय ७' स्वस्तात खपतो तो आपल्या यादीच्या जोरावर.

एएमडीकडंही तीच गत. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू, नावात एका आकड्याचा फरक. तो तिसरा आकडा आतल्या रचनेची पिढी सांगतो. ७५२०यू म्हणजे चार कोअर, जुनी झेन २ रचना, आणि रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली, पुढं वाढवता येत नाही. ७५३०यू म्हणजे सहा कोअर, झेन ३. दुकानात दोन्ही 'रायझन ५, सेव्हन थाउजंड सिरीज' म्हणूनच विकतात.

'१ टीबी' लिहिताना एसएसडी लिहायचं राहिलं. मग जुना स्टॉक खपवणारा १ टीबीची फिरती हार्ड डिस्क देतो आणि यादी पूर्ण होते. त्यापेक्षा ५१२ जीबीची एनव्हीएमई, म्हणजे जलद जातीची एसएसडी कितीतरी बरी. विंडोज लवकर सुरू होतं आणि एसटीच्या दणक्यांनी बिघडायला आत फिरतं काहीच नसतं. ६४ जीबी ईएमएमसीवाले (एसएसडीऐवजी बोर्डावरच चिकटवलेली संथ मेमरी असलेले) स्वस्त लॅपटॉप मात्र कुणालाच घेऊ देऊ नका. दोन-चार अपडेटमध्ये ते भरतात, आणि ती मेमरी बदलता येत नाही.

रॅमचा आकडा अर्धवट आहे. विचारायचं असतं ते हे : स्लॉट किती, मोकळा किती, जास्तीत जास्त किती बसते? आज ८ जीबी घेऊन एक स्लॉट मोकळा असेल तर दुसऱ्या वर्षी आणखी एक काडी टाकता येते. आणि दोन काड्या जोडीनं चालल्या की प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा वेगही वाढतो. सोल्डर केलेली ८ जीबी मात्र चार वर्षं ८ च राहते.

आता ग्राफिक्स कार्ड. ते लागणारी मुलं आहेत, पण थोडी, आणि पहिल्या वर्षात जवळजवळ कुणी नाही. सिव्हिल-मेकॅनिकलला ऑटोकॅडमधली टू-डी ड्रॉइंग प्रोसेसरच्या ग्राफिक्सवर नीट होतात. सॉलिडवर्क्समधल्या मोठ्या असेंब्ली, रेव्हिट, ॲन्सिस असलं काही चालवायचं तर कार्ड आणि १६ जीबी हवी, पण तोवर विद्यार्थी तिसऱ्या वर्षात पोचलेला असतो. एआय-डेटा सायन्सच्या मुलांना वाटतं मॉडेल ट्रेन करायला कार्ड पाहिजेच. शिकण्यापुरतं काम गूगल कोलॅबवर ब्राउझरमधूनच होतं, तिथं जीपीयू, म्हणजे ग्राफिक्सचा प्रोसेसर, मर्यादित वेळ फुकट मिळतो. त्यांना खरी गरज १६ जीबी रॅमची, कारण मोबाइल ॲप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ एम्युलेटरसकट (पडद्यावरच्या नकली फोनसकट) उघडला की ८ जीबीचं मशीन घुसमटतं. इलेक्ट्रॉनिक्स, इलेक्ट्रिकलला आर्डुइनो, एलटीस्पाइस, सायलॅब हे सगळं साध्या मशीनवर चालतं. चिप डिझाइनचं व्हिवाडो शिकवत असाल तर डिस्कवर भरपूर जागा मोकळी ठेवायला सांगा. बीसीए, बीएस्सीला अलीकडच्या पिढीचा आय ३ किंवा त्या तोडीचा रायझन आणि ८ जीबी, स्लॉट मोकळा, एवढं पहिली दोन वर्षं पुरतं.

काय घेऊ नये, हे तर कोणत्याच यादीत नसतं. सॉलिडवर्क्स, रेव्हिट आणि इमारतींच्या डिझाइनची स्टॅड, ईटॅब्स ही विंडोजची सॉफ्टवेअर आहेत, मॅकवर थेट चालत नाहीत. स्नॅपड्रॅगनसारख्या एआरएम प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप हलके, बॅटरीला दणदणीत, पण कितीतरी इंजिनिअरिंग सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर त्यांच्यावर अडतात. हौसेनं घेऊन दिलेला महागडा लॅपटॉप आणि स्टॅड इन्स्टॉल होईना, हे दुःख एका ओळीत टाळता येईल.

बरं, ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप म्हणजे सव्वादोन-अडीच किलो, वर विटेएवढा चार्जर अर्ध्या किलोच्या पुढं. बॅटरी दोन-तीन तास. तालुक्याच्या गावाहून रोज एसटीनं येणाऱ्या मुलीच्या पाठीवर हे ओझं, आणि वर्गात साठ मुलांना सॉकेट दोन, त्यातलं एक प्रोजेक्टरला. दीड-पावणेदोन किलोचा, ५० वॉट-अवरच्या आसपास बॅटरीचा, टाइप-सीनं चार्ज होणारा लॅपटॉप तिला जास्त उपयोगाचा.

बिजागरीचंही सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त दुरुस्ती तिचीच येते. कमी किमतीच्या लॅपटॉपमध्ये बिजागरीचे स्क्रू पितळी नटांत बसतात, आणि ते नट प्लॅस्टिकच्या बारीक खुंट्यांत रोवलेले असतात. झाकण एका कोपऱ्याला धरून उघडलं की सगळा पीळ एकाच खुंटीवर येतो. आधी 'कट्' असा बारीक आवाज, मग स्क्रीनच्या खालच्या कडेला नखाएवढी फट. त्याच दिवशी मशीन मिटणं-उघडणं थांबवून आणलं तर खुंटी भरून देता येते, काही शेकड्यांचं काम. 'चालतंय की' म्हणत महिना काढला की मागचं पॅनेल फुटतं, बिजागरी डिस्प्लेची केबल चिरते आणि खर्च हजारांत जातो. झाकण मधोमध धरून उघडा, हे इंडक्शनच्या दिवशी सांगायला आपल्याला दोन मिनिटं लागतील.

तिसरी हरकत विजेची, आणि ही थेट आपल्या इमारतींवर. लॅपटॉप अनिवार्य करणाऱ्यानं त्याच्या विजेची सोय बघायला नको का? होस्टेलवर आणि आजूबाजूच्या भाड्याच्या खोल्यांत अर्थिंग नसतं, किंवा असून मेलेलं असतं. चार्जर लावून धातूच्या बॉडीला हात लावला की झिणझिण्या येतात, त्याचं कारण हेच : चार्जरच्या फिल्टरमधून येणारा बारीक करंट तिसऱ्या पिनमधून जमिनीत जायला हवा, तो वाट नाही म्हणून अंगातून जातो. मुलं वर तिसरी पिनच कापतात, नाहीतर टू-पिन जोड लावतात. लाइट जाते-येते, येताना झटका देते, आणि अर्थिंग नसेल तर स्पाइक गार्डचा निम्मा उपयोग गेलेला असतो.

आपल्याकडं अर्थिंग मरण्याचं साधं कारण उन्हाळा. परभणी-नांदेडकडं पारा ४२ च्या वर जातो, काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि रोध वाढतो. मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर त्याला पाणी पाजावं लागतं. किती होस्टेलांमध्ये तो खड्डा कुठं आहे हे वॉचमनला ठाऊक आहे? पत्र्याच्या खोलीत, गादीवर ठेवून वापरलेल्या लॅपटॉपचा पंखा धुळीनं चोंदतो तो वेगळाच. वर्षातून एकदा, एप्रिलच्या आत, साफसफाई आणि नवी थर्मल पेस्ट एवढं केलं तर मशीन उन्हाळ्यात बंद पडत नाही.

चौथी हरकत ओळखीच्या दुकानाची. प्रवेशाच्या दिवसांत काही ठिकाणी आवारातच टेबल लागतं आणि 'इथूनच घ्या, कॉलेजचं टाय-अप आहे' असं सांगितलं जातं. टाय-अपमुळं किंमत कमी झाली असेल तर आनंदच आहे. मग तोच मॉडेल नंबर बाहेर कितीला मिळतो, तेही टेबलावर लिहून ठेवा.

त्या टेबलावर होणारी एक चूक मात्र फार महाग पडते. मुलाचा वेळ वाचवायला म्हणून दुकानातला पोरगा स्वतःच्या किंवा दुकानाच्या ईमेलवर विंडोज सुरू करून देतो. विंडोज ११ बऱ्याच मशीनवर डिस्क आपोआप कुलूपबंद करतं, आणि ते कुलूप उघडणारी ४८ अंकी चावी त्या ईमेलच्या खात्यात जाते. दोन वर्षांनी मदरबोर्ड बदलला किंवा बायॉस अपडेट झालं, की निळा पडदा चावी मागतो. तोवर दुकानातला पोरगा पुण्याला गेलेला असतो. चावी नाही तर प्रोजेक्ट नाही. त्यावर आमच्याकडं इलाज नाही, कुणाकडंच नाही. म्हणून पहिला लॉगिन विद्यार्थ्याच्याच ईमेलवर, आणि चावी वहीत लिहिलेली, एवढं पाहिजेच.

दुसरी चलाखी 'डॉस' लॅपटॉपची. विंडोजशिवाय आलेलं मशीन थोडं स्वस्त देतात आणि वर चोरीचं विंडोज टाकतात. ते चालावं म्हणून अँटिव्हायरस बंद करून ठेवलेला असतो. मग एक पेन ड्राइव्ह सगळ्या बॅचला आजारी पाडतो. म्हणून घेताना एवढं हवंच : जीएसटीचं बिल विद्यार्थ्याच्या नावानं, त्यावर सिरियल नंबर, तो मशीनच्या पाठीवरच्या नंबराशी जुळलेला, आणि कंपनीच्या साइटवर त्या नंबराची वॉरंटी कधीपासून दिसते ते तिथंच बघितलेलं. जुनं मशीन घेणाऱ्यानं कमांड प्रॉम्प्टमध्ये 'powercfg /batteryreport' टाइप करावं. त्यातून तयार झालेली फाइल उघडली की बॅटरीची मूळ क्षमता आणि आज उरलेली, दोन्ही समोर येतात. निम्म्याच्या खाली असेल तर बॅटरीचे पैसे किमतीतून कमी करून घ्यावेत.

यादीतल्या बाकी गोष्टींचं थोडक्यात. 'सायंटिफिक कॅल्क्युलेटर' एवढंच लिहू नका. विद्यापीठ परीक्षेत कोणता चालतो ते लिहा, नाहीतर प्रोग्रॅमेबल घेतलेला मुलगा परीक्षा हॉलच्या दारात अडकतो. शीटचा आकार लिहा. ड्राफ्टर सीनियरकडून जुना घेतला तरी चालतो : स्क्रू घट्ट करून दोन पट्ट्यांमधला काटकोन गुण्यानं बघायचा, हलत नसेल तर घ्यायचा. आणि नॉन-क्रिमीलेअर, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेलं बँक खातं ही यादी लॅपटॉपच्या वर, ठळक अक्षरात हवी. सेतूच्या रांगेत जाणारे दिवस कुठल्याच दुकानात विकत मिळत नाहीत, आणि महाडीबीटीची शिष्यवृत्ती अडते ती तिथंच.

आमच्या मागण्या अशा :

१. पहिल्या सत्रासाठी 'अनिवार्य' हा शब्द काढावा. त्याऐवजी 'दिवाळीनंतर घेतला तरी चालेल' असं स्पष्ट छापावं. संगणक शाखेलासुद्धा.

२. शाखेनुसार अर्धं पान द्यावं. कोणत्या सत्रात कोणतं सॉफ्टवेअर, त्याला किमान काय लागतं, आणि काय घेऊ नये. हे विभागप्रमुखांनी सहीनिशी द्यावं, ऑफिसातल्या क्लार्कनं मागच्या वर्षीची झेरॉक्स काढून नव्हे.

३. ज्याच्याकडं लॅपटॉप नाही त्याचं एकही प्रॅक्टिकल, एकही असाइनमेंट अडता कामा नये. लॅब संध्याकाळी ८ पर्यंत आणि रविवारी अर्धा दिवस उघडी ठेवा. मुली आणि एसटीनं येणारी मुलं संध्याकाळी थांबू शकत नाहीत, त्यांच्यासाठी सकाळचा एक तास वेगळा काढा. ग्रंथालयातून पुस्तकासारखे आठवड्याला देता येतील असे दहा लॅपटॉप ठेवा. जुने चालतील, इंटेलच्या ८व्या पिढीचे किंवा त्यापुढचे.

४. बँकेसाठी पत्र. अभ्यासक्रमाला गरज असेल तर संगणकाचा खर्च शैक्षणिक कर्जात धरता येतो, पण त्यासाठी गरज आहे असं कॉलेजनं लिहून द्यावं लागू शकतं. जे कॉलेज यादीत 'अनिवार्य' छापतं, त्याच कॉलेजचं ऑफिस 'आमच्याकडं असा फॉर्मॅट नाही' म्हणून परत पाठवतं, हे बंद व्हावं. बोनाफाइडसोबतच हे पत्र मिळावं.

५. होस्टेल आणि वर्गांतल्या अर्थिंगची दर उन्हाळ्यात मीटरनं तपासणी. ५ ओहमच्या आत आणा आणि आकडा सूचना फलकावर लावा. वर्गात प्रत्येक बाकाच्या ओळीला एक तरी सॉकेट.

६. प्रवेशाच्या दिवशीच कॉलेजचा ईमेल आयडी द्यावा. ऑटोडेस्कसारख्या कंपन्या विद्यार्थ्यांना सॉफ्टवेअर वर्षभरासाठी फुकट देतात, दर वर्षी नूतनीकरणही होतं, पण विद्यार्थी असल्याचा पुरावा मागतात. आयडी नसला की मूल चोरीच्या कॉपीकडं जातं आणि आपलेच सर ती पेन ड्राइव्हवरून देतात.

७. आवारातलं विक्रीचं टेबल बंद.

पुढच्या प्रवेशाची यादी छापायला जाण्याआधी प्रत्येक विभागानं सत्रवार सॉफ्टवेअरची नावं तेवढी लिहून काढावीत. त्यावरून शाखेनुसार अर्ध्या पानाचा मसुदा आम्ही करून देऊ, अर्थिंग तपासायला मीटर घेऊन येऊ. पैसे नकोत. उन्हाळ्याच्या सुट्टीत, पाऊस पडायच्या आत बोलावलं तर बरं, कारण एकदा जमीन भिजली की अर्थिंग दोन दिवस चांगलंच दिसतं.

आपले,
मराठवाड्यात लॅपटॉप दुरुस्त करणारे आणि लॅब सांभाळणारे काहीजण